ज्याचं ताट त्यानं घासावं

ताटमामा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, ताटाकडे बघत. आमच्या विठ्ठलवाडीच्या विहारात जेवण असलं की ते पंगतीच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि उठणाऱ्या प्रत्येकाच्या हातातलं ताट निरखायचे. माणसं त्यांच्या लक्षात राहायची तीही ताटावरूनच. एकदा मी त्यांना माझ्या नणंदेच्या मुलाबद्दल विचारलं की, एका ओळखीच्या मुलीसाठी हे स्थळ कसं वाटतं. क्षणभर आठवून ते म्हणाले, "तो अर्धा गुलाबजाम टाकणारा ना? अर्धा गुलाबजाम टाकतो तो काहीही अर्ध्यात टाकेल." नणंदेला मी हे सांगितलं नाही. पुढे त्या मुलाने दोन नोकऱ्या आणि एक एमबीए अर्ध्यात सोडलं, तेव्हाही सांगितलं नाही.

मामांचं खरं नाव मतदार यादीत होतं, बाकी कुठे कोणी वापरत नव्हतं. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. शेवटी ते तिथले सुपरवायझर झाले, पण सांगताना "मी भांड्यांच्या खात्यात होतो" एवढंच सांगत. मी स्वतः कॅम्प तीन या भागातल्या जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. वीस-बावीस माणसांकडून काम करून घेणं हाच माझा धंदा. त्यामुळे दुसऱ्याला कामाला लावणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. मी ओरडून काम करून घेते, मामा नुसते बघत राहून करून घेत. बघत राहिलेल्या माणसाचा त्रास जास्त होतो.

विहाराची ताटं त्यांच्या डोक्यातून निघाली. मामांची खोली नाल्याच्या काठाला. एका पावसाळ्यात नाला तुंबला आणि पाणी त्यांच्या घरात शिरलं. ओसरल्यावर खाटेखाली, कपाटाखाली जे काही सापडलं ते मामांनी गोणीत भरलं, विहाराच्या मीटिंगला आणलं आणि मधोमध सतरंजीवर ओतलं. वापरून फेकायच्या थाळ्या, द्रोण, प्लास्टिकचे ग्लास, चमचे. मामा म्हणाले, "रविवारी नामकरणाला ज्या थाळीत जेवलो ती मंगळवारी माझ्या खाटेखाली आली." कोणीतरी विचारलं की सतरंजी आता कोण धुणार. मामा म्हणाले, आपापली थाळी ओळखून प्रत्येकाने घरी न्यावी, मग सतरंजीचं बघू. त्या मीटिंगमध्ये पुढे कोणी कशालाच विरोध केला नाही. वास फार येत होता.

ठरलं ते असं. कोणाच्या घरी कोणी वारलं तर पुण्यानुमोदनाला हार-फुलं आणण्यापेक्षा त्या माणसाच्या नावाचं स्टीलचं एक ताट विहाराला द्यायचं. भांड्यांवर नाव घालून देणारा माणूस स्टेशनजवळ बसतोच. पाहता पाहता अडीचशेच्या वर ताटं जमली, प्रत्येकावर 'कालकथित अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ'. आता जेवायला बसलं की आपल्या पुढ्यात कोण येईल ते सांगता यायचं नाही. माझ्या नवऱ्याला एकदा आमच्या जुन्या घरमालकाचं ताट आलं. या माणसाने दोन वर्षं आमचं पाणी तोडलं होतं. नवरा शेवटपर्यंत आमटीखालचं नाव उघडं पडू न देता जेवला. दोन जावांपुढे सासूचं ताट आलं, तेव्हा तर ते एकमेकींकडे सरकवता सरकवता वरण सांडलं. "त्या जिवंत होत्या तेव्हा त्यांच्या ताटात जेवायची माझी टाप नव्हती, आता कशाला वैर घेऊ," असं धाकटी म्हणाली.

ताटं आली म्हणजे घासणं आलं, आणि आमच्याकडे पाणी दिवसाआड. पाण्याचा मुद्दा निघाल्यावर मामांनी कँटीनची रीत काढली. पहिल्या टबात लाकडाचा भुसा. तो फर्निचर बाजारातून पोत्याने फुकट मिळतो. ताट भुशाने कोरडंच चोळायचं, सगळं तेल भुशात उतरतं. दुसऱ्या टबात साबणाचं पाणी, तिसऱ्यात स्वच्छ. पन्नास ताटांमागे पाणी बदलायचं आणि ते वापरलेलं पाणी विहाराची मोरी धुवायला. मी अशा हिशेबांवर सहसा विश्वास ठेवत नाही, म्हणून एकदा स्वतः बादल्या मोजल्या. हात धुवायला लोक जेवढं पाणी सांडतात त्याहून कमी पाण्यात दोनशे ताटं निघाली.

नियम एकच होता, ज्याचं ताट त्यानं घासायचं. त्यात अध्यक्ष सुटले नाहीत, मत मागायला आलेले उमेदवार सुटले नाहीत, प्लास्टर घातलेला माणूस एका हाताने घासून गेला. विहारात दर रविवारी 'स्वयंदीप व्हा' असं प्रवचनात सांगतात. मामा बाहेर टबांपाशी त्याला जोड द्यायचे, "दिवा व्हायला वेळ लागतो. तोवर ताट घासा."

घरीदारी ते असेच. रविवारी चिकनच्या दुकानात स्टीलचा डबा घेऊन रांगेत उभे राहत, आणि डब्याचं वजन वजा करायला दुकानदार विसरेल म्हणून ते वजन त्यांनी झाकणावर कोरून घेतलं होतं. कॅम्प तीनच्या बाजारात एकदा माझ्यासोबत बनियन घ्यायला आले. पिशवी नको म्हणाले. मग खोका नको, आतला पुठ्ठा नको, गळ्यातली प्लास्टिकची पट्टी नको, टाचण्या नकोत, असं करत त्यांनी सगळं काउंटरवर एकेक काढून ठेवलं. सिंधी दुकानदार गालावर हात ठेवून बघत होता. शेवटी म्हणाला, "साईं, बनियान तो लेके जाओगे ना?" मामांनी बनियनची घडी खिशात घातली आणि त्याला पुठ्ठ्याचं काय करता येईल ते सांगायला लागले. मी शेअर रिक्षात जाऊन बसले.

इथपर्यंत माझं आणि मामांचं छान चाललं होतं. मग माझ्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं.

मुलगा बदलापूरचा, खरवईच्या नव्या सोसायटीतला. माणसं शिकलेली, शांत. घरात एकच अवघड माणूस, मुलाचे थोरले काका. ते बैठकीला आले, पोहे खाल्ले आणि म्हणाले, "आमची कसलीच अपेक्षा नाही. फक्त मानपान नीट झाला पाहिजे." ज्यांची अपेक्षा असते त्यांच्याशी बोलता येतं. ज्यांची कसलीच नसते त्यांच्यापुढे काय करावं ते मला आजवर कळलेलं नाही. हे काका एका लग्नात बसायला खुर्ची दुसऱ्या रांगेत मिळाली म्हणून न जेवता परतले होते आणि त्या घराशी चार वर्षं बोलले नव्हते, हे पल्लवीच्या होणाऱ्या नवऱ्यानेच मला सांगून ठेवलं. अशा माणसाच्या हातात भुसा कसा द्यायचा?

हॉल विहाराचाच ठरला होता, पत्रिका छापून झाल्या होत्या. मी मामांकडे गेले. म्हटलं, मुलाकडच्यांपुरत्या कागदी थाळ्या आणते. ते नाही म्हणाले. आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, नाल्यात ती थाळी थर्माकोलचीच बहीण. मग मी म्हटलं, बरं, ताटं तुमचीच वापरते, पण मुलाकडच्यांची ताटं घासायला दोन बायका लावते. इतका वेळ मामा मेथी निवडत होते. त्यांनी जुडी खाली ठेवली.

"सुनंदा, माझ्या आजीने जन्मभर गावाची उष्टी काढली. कोणी कोणाचं उष्टं काढायचं हे ठरवून ठेवलेलं होतं. आणि नाला तुंबला की आत उतरून थाळ्या काढायला कोण येतो, ते तू खिडकीतून बघतेस ना? तोही ठरलेलाच आहे. म्हणून म्हणतो, ज्याचं त्यानं."

मला ते पटलं. पण मुलीचं लग्न समोर असताना आई पटलेल्या गोष्टीही बाजूला ठेवते. मी दोन कामं केली. आमच्या कारखान्यात धागे कापायला असलेल्या शकुंतलाला आणि तिच्या जावेला सांगितलं की मुलाकडचं कोणी जेवून उठलं की हसून "द्या इकडे" म्हणायचं आणि ताट काढून घ्यायचं. आणि मामांनी हे बघू नये म्हणून त्यांना लग्नात प्रमुख पाहुणे केलं. शाल द्यायची, स्टेजवर बसवायचं, भाषण करायला लावायचं. स्टेजवरून टब दिसत नाहीत, हे मी आदल्या दिवशी स्वतः खुर्चीत बसून पाहून घेतलं होतं.

लग्न वेळेवर लागलं. मामांना शाल मिळाली. भाषणाला उभे राहिले, "दोघांनी आपापलं काम आपण करावं" एवढं बोलून शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले. सगळं भाषण अर्ध्या मिनिटात संपलं. मी पाहुण्यांना जिलेबी वाढत होते, हात तसाच राहिला.

त्या वेळी शकुंतला कोणा मावशीच्या हातातून ताट सोडवून घेत होती. मामा तिच्याजवळ गेले. मला वाटलं आता बोलतील. ते तिला आणि तिच्या जावेला म्हणाले, "तुम्ही जेवलात का?" त्या नाही म्हणाल्या. मामांनी दोघींना पंगतीत बसवलं, पुढ्यात ताटं ठेवली आणि स्वतः वाढायला लागले. नेमके तेव्हाच थोरले काका जेवून उठले.

काका हातात ताट घेऊन उभे होते. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. घ्यायला कोणी येईना. मुलाकडची निम्मी माणसं काकांकडे बघत होती आणि मुलीकडची सगळी. पल्लवीने स्टेजवरून माझ्याकडे असं पाहिलं की मी जिलेबीची परात तिथेच ठेवून निघाले. मी पोचायच्या आत मामा पोचले होते.

"पाहुणे, या," मामांनी टबांकडे हात केला.

"आम्ही मुलाकडचे," काका म्हणाले.

"म्हणून तर. पहिला मान तुमचा. पाणी आत्ताच भरलंय, एक थेंब तेल नाही त्यात. मुलीकडच्यांना मी मागे थांबवून ठेवलंय."

काकांनी टबाकडे पाहिलं. पाणी खरंच चकचकीत होतं. मग मागे पाहिलं. आमच्याकडची दहा-बारा माणसं खरकटी ताटं घेऊन उभी होती. कोणी थांबवलं म्हणून नव्हे, काय होतंय ते बघायला. काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. त्यांनी बाह्या वर केल्या, भुसा घेतला आणि ताट असं घासलं की त्यात तोंड दिसावं. मग त्यांनी मुलाच्या वडिलांना हाक मारली, धाकट्या भावाला बोलावलं, आत्यांना उठवलं. आमच्याकडच्या एकाने मध्ये हात घातला तर काकांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "आधी मुलाकडचे." शेवटच्या आत्याचं ताट होईपर्यंत ते टबापाशी पहारा देत उभे होते. जाताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, मानपान फार नीट झाला.

मी मामांना त्या दिवशी दोन जिलेब्या जास्त वाढल्या. त्यांनी एक परत केली.

मला वाटलं गोष्ट मिटली. पण मान हा प्रकार डासासारखा आहे, एका डबक्यातून गावभर होतो. खरवईत ही बातमी पोचली, तिथून अंबरनाथला गेली. विहाराची ताटं आता बाहेरच्या लग्नांनाही जायची, सोबत तीन टब आणि मामा. आणि प्रत्येक लग्नात मुलाकडचे विचारायला लागले की ताटाचा पहिला मान आमचाच ना. अंबरनाथच्या एका लग्नात मुलीच्या मामाने घाईत आधी ताट घासलं, तर मुलाकडचे फोटोला उभे राहायला तयार होईनात. पाणी ओतून पुन्हा भरलं, तेव्हा नवरदेव हसला.

त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे आले. चहा पुढे केला तर कप धरून बसून राहिले.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, चुकलं कुठे? आधी मुलाकडचे ताटाला हात लावत नव्हते, आता त्यावरून भांडतायत. नाल्यात एक थाळी जात नाही. मी असं काम करून दाखवलं असतं तर शेठने मला वर घेतलं असतं.

"ताटं घासली जातायत," मामा म्हणाले. "पण जे घासून काढायचं होतं ते तसंच राहिलं. आजीच्या वेळी उष्टं काढणारा खाली होता. आता पहिलं घासणारा वर आहे. मी एक मोडायला गेलो आणि दुसरं बांधून आलो." मग म्हणाले, "तू मला शाल देऊन बसवलंस, मी त्यांना मान देऊन उठवलं. आपण दोघं एकाच कारखान्याचे."

मला ते लागलं, पण चुकीचं नव्हतं.

मग ते ही रांग मोडायच्या मागे लागले. आधी पाटी लावली, 'जो आधी जेवेल तो आधी घासेल.' मुलाकडच्यांनी जेवणाचा वेग वाढवला. एका लग्नात एका गृहस्थांना ठसका लागून पाठ चोळावी लागली. मग मामांनी ठरवलं, वयाने मोठा तो आधी. तर बायका पुढे यायला तयार होईनात आणि थोरल्या काकांनी स्वतःच्या वयात एकदम पाच वर्षं वाढवली. मग त्यांनी टबांचे दोन संच केले, एक मुलाकडचा, एक मुलीकडचा. तेव्हा वाद निघाला की उजव्या हाताचा कोणाचा. मामा माझ्याकडे येऊन दर वेळी नवी युक्ती सांगायचे आणि मी दर वेळी ती कशी फसेल ते सांगायचे. माणसांकडून काम करून घ्यायची माझी तीस वर्षं त्यात कामी आली, पण उपयोग शून्य.

गेल्या थंडीत मामांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तर मला वाटलं होतं त्यापेक्षा फार बारीक दिसत होते. जेवण खणाखणाच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये यायचं. त्यांनी चार घास खाल्ले होते, पण उरलेली खिचडी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आधीच काढून दिली होती. तक्रार एकच होती, "सिस्टर मला ट्रे धुवू देत नाही." मी म्हटलं, तिची नोकरी जाईल. त्यांनी ट्रे बाजूला सरकवला. मग म्हणाले, "त्या रांगेचं काहीतरी कर." मी "बघते" म्हणाले. कारखान्यात कोणी पगारवाढ मागायला आलं की मी जशी म्हणते, तशीच. तेही त्यांना कळलं असणार, कारण ते हसले.

दोन दिवसांनी ते गेले.

पुण्यानुमोदनाला एवढी माणसं येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. अंबरनाथहून आली, खरवईहून पल्लवीच्या सासरचं सगळं घर आलं. मी रांगेचं काहीही केलं नव्हतं. काय करायचं तेच सुचलं नव्हतं. टब भरले, भुशाचं पोतं फोडलं आणि ओट्यापाशी भात संपतोय का ते बघत उभी राहिले.

पहिली पंगत उठली. लोक ताटं घेऊन टबांकडे निघाले आणि मध्येच थबकले. कोण आधी, ते कोणाला कळेना. इथे ना मुलाकडचे होते ना मुलीकडचे. थोरले काका सवयीने ताट घेऊन झपझप पुढे आले, पुढे येऊन आजूबाजूला बघायला लागले, आणि कोणाच्या पुढे उभं राहायचं तेच न उमगल्यामुळे जिथे होते तिथेच उभे राहिले. तेवढ्यात कोणीतरी भुशात हात घातला. त्याच्यामागे दुसरं कोणी. रांग कधी लागली ते मलाही दिसलं नाही. काका त्यात बरेच मागे राहिले. त्यांच्या पुढे आमची शकुंतला होती.

तिसऱ्या टबातलं पाणी एव्हाना गढूळ झालं होतं. शकुंतलाने मागे वळून पाहिलं, तर काका. लग्नात मी शिकवलेलं तिला आठवलं असावं. तिने ओला हात पुढे केला आणि म्हणाली, "द्या इकडे."

काकांनी ताट मागे ओढून छातीशी धरलं. पांढऱ्या शर्टाला आमटी लागली.

"राहू द्या बाई, माझं मी बघतो," ते म्हणाले. "तुम्ही तुमचं आटपा. मागे किती लोक थांबलेत."